सीनियर नव्हे, सोबती!
महाविद्यालयांत ‘सहाध्यायी नेतृत्व’ कसे उभे राहू शकते?

फुलसावंगी (जि. यवतमाळ) : ऑगस्ट २०२१ मध्ये महागाव तालुक्यातील फुलसावंगी हे गाव एका दुर्दैवी घटनेमुळे देशभर चर्चेत आले. आठवीनंतर शाळा सुटलेल्या आणि वेल्डिंगचे काम करणाऱ्या गावातील २४ वर्षांच्या तरुणाने स्वतःच्या हातांनी एका आसनाचे हेलिकॉप्टर उभे केले होते. इंटरनेटवरील चित्रफिती हाच त्याचा गुरू होता. चाचणीच्या वेळी पाते तुटले, त्याचा आघात झाला आणि त्या तरुणाचा मृत्यू ओढवला. त्यानंतर हळहळ व्यक्त झाली, चित्रपटातील नायकांशी तुलना झाली आणि काही दिवसांत विषय मागे पडला. याच परिसरातील पुसद येथे १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथे शिकणाऱ्या समवयस्कांची सोबत त्या जिद्दीला लाभली असती तर काय झाले असते, हे आज कोणी सांगू शकणार नाही. मात्र या भागात हुशारीची वानवा नाही. हुशारीला वाट दाखवणाऱ्या चार पावले पुढच्या माणसाची आहे, एवढे या घटनेने दाखवून दिले.

जे महाविद्यालयापर्यंत पोहोचतात, त्यांचीही अवस्था फार वेगळी नसते. फुलसावंगी आणि आसपासच्या गावांतील, तांड्यांतील मुलांना बारावीनंतर पुसद, उमरखेड, यवतमाळ, अमरावती किंवा थेट नांदेडचा रस्ता धरावा लागतो. त्यांपैकी अनेक मुले घराण्यात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढणारी असतात. घरात बंजारा किंवा आंध समाजाची बोली, शाळेत मराठी आणि महाविद्यालयात अचानक इंग्रजी अशी त्यांची तीन टप्प्यांची कसरत असते. विषय अवघड जातो तेव्हा कोणाला विचारायचे हेच ठाऊक नसते. प्राध्यापकांना विचारण्याची भीड वाटते, आई-वडिलांना विचारून उपयोग नसतो आणि शेजारच्या बाकावरचा मित्रही तेवढाच गोंधळलेला असतो. अशा वेळी ज्याने हा गोंधळ दोनच वर्षांपूर्वी अनुभवला आहे, असा विद्यार्थी सर्वांत उपयोगी ठरतो. ‘पीअर लीडरशिप’ या नावाने जगभरातील विद्यापीठांत रुजलेल्या कार्यक्रमाचा गाभा एवढाच आहे. मराठीत त्याला ‘सहाध्यायी नेतृत्व’ म्हणता येईल.

कल्पना जुनीच

ही कल्पना परदेशातून आणावी लागेल असे कोणाला वाटत असेल, तर इतिहास वेगळेच सांगतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासमधील सैनिकांच्या अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख अँड्र्यू बेल यांनी स्थानिक मुलांना वाळूत अक्षरे गिरवताना पाहिले आणि मोठ्या मुलांनी लहानांना शिकवण्याची पद्धत आपल्या शाळेत आणली. १७९७ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली आणि ‘मद्रास पद्धत’ या नावाने ती इंग्लंडमध्ये पसरली. थोडक्यात, जी गोष्ट आज आयात करण्याचा विचार होतो, ती एकेकाळी येथूनच निर्यात झाली होती.

महाराष्ट्रातील उदाहरण तर याहून बोलके आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी १८४८ मध्ये ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. दादाभाई नौरोजी तिच्या अग्रणींपैकी एक होते. निबंधवाचन आणि चर्चा एवढ्यावर ही मंडळी थांबली नाहीत. पुढच्याच वर्षी त्यांनी मुलींसाठी शाळा सुरू केल्या आणि सुरुवातीला विद्यार्थीच विनावेतन तेथे शिकवत होते. विद्यार्थ्याच्या हाती खरे काम दिले तर तो काय करू शकतो, याचा पुरावा शोधायला पावणेदोनशे वर्षे मागे गेले तरी पुरे. पुढे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यात ‘कमवा आणि शिका’ची जोड देऊन विद्यार्थ्याच्या श्रमाला शिक्षणात मानाचे स्थान दिले. १९४७ मध्ये सुरू झालेले छत्रपती शिवाजी महाविद्यालय त्याच तत्त्वावर उभे राहिले.

मग आज हे का नाही?

या प्रश्नाला महाविद्यालयांकडून हमखास मिळणारे उत्तर म्हणजे, ‘आमच्याकडे सर्व काही आहे.’ ते अगदीच खोटे नाही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांतील ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. आज ती गावोगावच्या महाविद्यालयांत पोहोचली आहे. दोन वर्षांत २४० तास सेवा आणि सात दिवसांचे निवासी शिबिर हे तिचे परिचित स्वरूप आहे. परंतु रासेयोचा स्वयंसेवक गावात जातो. वर्गातल्या गोंधळलेल्या मुलापर्यंत जाणे हे त्याचे नेमून दिलेले काम नाही. पालक-शिक्षक योजनाही बहुतेक महाविद्यालयांत आहे. ‘नॅक’च्या मूल्यांकनात तिची विचारणा होत असल्याने तिची नोंदवही मात्र नीट ठेवलेली असते. एकेका प्राध्यापकाच्या वाट्याला किती विद्यार्थी येतात आणि रिक्त पदांमुळे तो आकडा कुठे जातो, हे पाहिले की नोंदवहीतील स्वाक्षऱ्यांचा अर्थ कळतो.

राहिला विद्यार्थी परिषदेचा प्रश्न. निवडणुकांतील हिंसाचारानंतर १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने गुणवत्तेच्या आधारे प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. वर्गात पहिला आलेला विद्यार्थी आपोआप ‘नेता’ ठरू लागला. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम २०१६ ने थेट निवडणुकीची तरतूद केली. मात्र २०१९ मध्ये ठरलेल्या निवडणुका विधानसभेच्या रणधुमाळीमुळे लांबणीवर पडल्या. प्रतिनिधित्व आणि सहाध्यायी नेतृत्व या मुळातच दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परिषदेचा सदस्य विद्यार्थ्यांच्या वतीने प्रशासनाशी बोलतो. सहाध्यायी नेता एका नवख्या विद्यार्थ्याशी बोलतो, त्याचे ऐकतो आणि त्याला योग्य खिडकीपर्यंत नेतो. पहिल्याचे काम मागणीचे, दुसऱ्याचे सोबतीचे. एकाच्या जागी दुसरा उभा करण्याचा प्रयत्न झाला तर दोन्हींचे नुकसान होईल, हे कुलगुरूंपासून प्राचार्यांपर्यंत सर्वांनी ध्यानात घेतलेले बरे.

यवतमाळचाच धडा

सहाध्यायी मार्गदर्शनाचा एक जिवंत प्रयोग यवतमाळ जिल्ह्यातच घडला आहे आणि तो विद्यापीठाबाहेर घडला, ही बाब विचार करायला लावणारी आहे. बुलडाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्याच्या पिंप्री खंदारे या गावातील शेतकरी कुटुंबातले राजू केंद्रे शिक्षणासाठी पुण्याला गेले. पण शहरात टिकाव न लागल्याने त्यांना परतावे लागले. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी आणि नंतर मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून पदव्युत्तर शिक्षण असा त्यांचा पुढचा प्रवास झाला. २०१७ मध्ये त्यांनी यवतमाळमध्ये ‘एकलव्य’ हा उपक्रम सुरू केला. ग्रामीण, आदिवासी, भटक्या समाजांतील पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना देशातील नामवंत संस्थांच्या प्रवेश परीक्षा, अर्ज, मुलाखती यांसाठी तयार करणे हे त्याचे काम. केंद्रे यांना पुढे ब्रिटनची चेव्हनिंग शिष्यवृत्ती मिळाली.

या प्रयोगाचे मर्म शिकवणीत नाही. जो विद्यार्थी पुढे जातो, तो मागच्यांसाठी परत येतो. निवासी कार्यशाळांत समोर बसलेल्या मुलांना त्यांच्याच तालुक्यातला, त्यांच्याच बोलीत बोलणारा मोठा भाऊ किंवा मोठी ताई दिसते. ‘अझीम प्रेमजी विद्यापीठ’ हे नाव फलकावर वाचणे निराळे आणि तेथे शिकणारी शेजारच्या गावातील मुलगी समोर उभी असणे निराळे. जे एका स्वयंसेवी उपक्रमाला साधले, ते पाच जिल्ह्यांवर पसरलेल्या विद्यापीठाला अशक्य असण्याचे कारण नाही.

१ मे १९८३ रोजी स्थापन झालेल्या आणि आज संत गाडगेबाबांचे नाव धारण करणाऱ्या अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम हे जिल्हे येतात. कक्षेतील बहुसंख्य विद्यार्थी विद्यापीठाच्या आवारात नव्हे, तालुक्यांच्या गावी असलेल्या संलग्न महाविद्यालयांत शिकतात. त्यामुळे कार्यक्रमाची आखणी विद्यापीठात झाली, तरी तो जगणार किंवा मरणार तो पुसद-उमरखेडसारख्या ठिकाणी.

निवड गुणपत्रिकेवर नको

कार्यक्रमाची सुरुवात निवडीपासून होते आणि बहुतेक चुकाही तेथेच होतात. पहिली चूक म्हणजे वर्गातील पहिल्या दहांना बोलावणे. ज्याला कधी काही अडलेच नाही, त्याला दुसऱ्याचे अडणे कळेलच असे नाही. एकदा ‘एटीकेटी’ लागून पुढे सावरलेला विद्यार्थी अनेकदा अधिक चांगला सोबती ठरतो. दुसरी चूक म्हणजे प्राध्यापकांच्या मर्जीतील, सूत्रसंचालन करणाऱ्या, व्यासपीठावर सराईत मुलांची यादी करणे. येथे बोलणारा नव्हे, ऐकणारा हवा. त्यासाठी लेखी अर्ज, छोटी मुलाखत आणि एखादा प्रसंग देऊन ‘तू काय करशील?’ असा प्रश्न, एवढी चाळणी पुरेशी आहे. मुली, वसतिगृहात राहणारे, रोज गावाहून ये-जा करणारे आणि वेगवेगळ्या समाजांतील विद्यार्थी निवडीत आलेच पाहिजेत. अन्यथा कार्यक्रम शहरातल्या चार मुलांचा क्लब होऊन बसेल.

मुंबईच्या आयआयटीमध्ये नवागतांना वरिष्ठ विद्यार्थी मार्गदर्शक देण्याची व्यवस्था आहे. तेथील धडा असा, की एका मार्गदर्शकाच्या वाट्याला डझनभरापेक्षा जास्त मुले नसावीत. तीस-चाळीस झाली की सोबत संपते आणि हजेरी सुरू होते. तीनशे नवे विद्यार्थी घेणाऱ्या महाविद्यालयाला या हिशेबाने २५ सहाध्यायी नेते लागतील. ही संख्या कोणत्याही तालुक्याच्या महाविद्यालयाच्या आवाक्यातील आहे.

प्रशिक्षण तीन दिवसांचे असले तरी चालेल. पण ते भाषणांचे नसावे. ‘व्यक्तिमत्त्व विकास’ या नावाखाली होणाऱ्या व्याख्यानांनी आजवर अनेकांची व्यक्तिमत्त्वे टाळ्या वाजवण्यापुरती विकसित केली आहेत. सोबत्याला शिकवायचे ते वेगळेच. समोरच्याचे मध्येच न तोडता ऐकून घेणे, ऐकलेले गुप्त ठेवणे, कोणती गोष्ट मात्र गुप्त ठेवायची नाही हे ओळखणे, आणि महाविद्यालयातील प्रत्येक काम कोणत्या टेबलावर होते याची खडान्खडा माहिती असणे.

ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटेल. प्रत्यक्षात पहिल्या सत्रातील निम्मी चिंता तेथेच असते. महाडीबीटी संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीचा अर्ज, त्यासाठी आधारशी जोडलेले बँक खाते, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, जात वैधता प्रमाणपत्र, यांपैकी एक कागद राहिला की वर्षभराची रक्कम अडते. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे, इतर मागास आणि भटक्या-विमुक्त प्रवर्गांसाठी सावित्रीबाई फुले यांच्या नावाची आधार योजना आहे. त्या आहेत हे अर्जाची मुदत संपल्यावर कळते, ही खरी अडचण. गेल्या वर्षी तोच अर्ज भरलेला विद्यार्थी ही अडचण दहा मिनिटांत सोडवतो. परिपत्रक लावलेला सूचना फलक सोडवत नाही.

अभ्यास एकट्याने की चौघांत?

अभ्यासाच्या बाबतीत अमेरिकेतील दोन अनुभव येथे उपयोगी पडतील. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथे उरी ट्राइसमन या गणिताच्या अध्यापकाने सत्तरच्या दशकात एक साधा प्रश्न विचारला : काही समाजांतील हुशार, कष्टाळू विद्यार्थी कॅल्क्युलसमध्ये मागे का पडतात? उत्तर अनपेक्षित होते. कृष्णवर्णीय विद्यार्थी मेहनत करत होते. पण बहुतांशी एकट्याने. चिनी वंशाचे विद्यार्थी एकत्र बसून गणिते सोडवत होते, एकमेकांच्या चुका काढत होते. ट्राइसमन यांनी मग गटाने कठीण गणिते सोडवण्याचे वर्ग सुरू केले आणि निकाल पालटले. भाड्याच्या खोलीत एकटाच पुस्तक उघडून बसलेल्या आपल्याकडच्या मुलाचे चित्र यापेक्षा फार वेगळे नाही.

दुसरा अनुभव मिसूरी-कॅन्सस सिटी विद्यापीठाचा. तेथे १९७३ मध्ये डिअ‍ॅना मार्टिन यांनी ‘सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन’ ही पद्धत सुरू केली. तिची खुबी अशी, की ती ‘कच्चे विद्यार्थी’ शोधत नाही, ‘अवघड विषय’ शोधते. ज्या विषयात दरवर्षी अनेक जण नापास होतात, त्या विषयासाठी आठवड्याला गटबैठका घ्यायच्या आणि तो विषय आधी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याने त्या चालवायच्या. बैठक सर्वांना खुली. त्यामुळे जाणाऱ्याच्या कपाळावर ‘कच्चा’ हा शिक्का बसत नाही. ‘रेमेडियल कोचिंग’च्या वर्गांना आपल्याकडे उपस्थिती का नसते, याचे उत्तर या एका फरकात सापडावे. प्रथम वर्षाचे इंग्रजी, विज्ञान शाखेचे गणित, वाणिज्य शाखेचे लेखाकर्म, असे दोन-तीन विषय निवडून सुरुवात करता येईल.

पैसा आणि मान

विद्यार्थ्यांनी हे फुकट करावे, अशी अपेक्षा सेवाभावाच्या नावाखाली केली जाते. ज्याला सुट्टीत शेतात मजुरीला जावे लागते, तो विद्यार्थी फुकटच्या कामाला वेळ देऊ शकत नाही, आणि या कार्यक्रमाला नेमका तोच हवा असतो. ‘कमवा आणि शिका’ योजनेत ग्रंथालयात पुस्तके लावण्याला, बागेतील कामाला तासाप्रमाणे मोबदला मिळतो. मग सहाध्यायाला तास देण्याला का मिळू नये? विद्यापीठ कायद्यातील विद्यार्थी विकास मंडळाच्या माध्यमातून याची सोय करता येण्यासारखी आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्याने स्वीकारलेल्या नव्या आराखड्यात सहअभ्यासक्रमांना आणि समाजाशी जोडणाऱ्या कामालाही श्रेयांक आहेत. मोबदला आणि श्रेयांक यांपैकी एक तरी मिळायला हवा. अखेरीस मिळणारे रंगीत प्रमाणपत्र चांगलेच असते. पण त्याने मेसचे बिल भागत नाही.

दादागिरीची सीमारेषा

वरिष्ठ विद्यार्थ्याच्या हाती कनिष्ठांची यादी देणे ही जोखीम आहेच. महाराष्ट्राने १९९९ मध्येच रॅगिंगविरोधी कायदा केला. विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २००९ पासून लागू आहेत. वरिष्ठांनी अनौपचारिक व्हॉट्सअ‍ॅप गट करून नवागतांना धमकावणे हेही रॅगिंग समजले जाईल, असे आयोगाने २०२५ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे सोबत्यांचे गट अधिकृत असावेत, त्यात एक प्राध्यापक असावा, रात्री उशिरा निरोपांची देवाणघेवाण नसावी आणि विद्यार्थ्याला कारण न देता सोबती बदलून मागता यावा. हा शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा. ‘दादा’ आणि ‘दादागिरी’ यांत आपल्या भाषेने एका प्रत्ययाचेच अंतर ठेवले आहे.

दुसरी जोखीम प्रशासनाकडून असते. हाताशी तयार मुले दिसली की त्यांना प्रमुख पाहुण्यांच्या स्वागताला रांगेत उभे करणे, सभागृहात खुर्च्या लावायला सांगणे, प्रवेशाच्या काळात कारकुनाच्या मदतीला बसवणे हे मोह आवरत नाहीत. एकदा ते झाले की नवख्या विद्यार्थ्याच्या नजरेत सोबती हा कार्यालयाचा माणूस बनतो आणि मग त्याला कोणी काही सांगत नाही.

जेथे सोबत्याने थांबावे

सोबती हा समुपदेशक नव्हे, हे प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी सांगावे लागेल. शेतकरी आत्महत्यांचे सावट दीर्घकाळ अनुभवलेल्या या जिल्ह्यात काही मुले घरातून कोणते ओझे घेऊन येतात, याची कल्पना बाहेरच्याला येणार नाही. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची गंभीर दखल घेत सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये माजी न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमले. त्याच वर्षी जुलैमध्ये न्यायालयाने आणखी एका प्रकरणात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा, तसेच परीक्षेच्या आणि शैक्षणिक स्थित्यंतराच्या काळात विद्यार्थ्यांच्या लहान गटांना मार्गदर्शक द्यावेत, असे त्यांत म्हटले आहे. सहाध्यायी नेतृत्वाची सांगड या लहान गटांशी सहज घालता येते. मात्र समुपदेशकाच्या पदाला तो स्वस्त पर्याय म्हणून वापरला जाऊ नये. मार्गदर्शक योजना असलेल्या बड्या संस्थांतही आत्महत्या थांबलेल्या नाहीत.

जीव देण्याची भाषा, मारहाण, लैंगिक छळ, जातीवरून अपमान यांपैकी काहीही कानावर आले तर गुप्ततेचा नियम तेथे संपतो. सोबत्याने त्याच दिवशी नेमून दिलेल्या प्राध्यापकाला किंवा समुपदेशकाला सांगायचे असते. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकावरील निःशुल्क सेवा २०२२ पासून सुरू आहे. हा क्रमांक प्रत्येक सोबत्याच्या मोबाइलमध्ये असावा. आणि सोबत्यांचेही कोणी ऐकणारे असावे : पंधरा दिवसांतून एकदा त्यांची स्वतःची बैठक, जेथे अहवाल नाही, फक्त बोलणे.

यश मोजायचे कसे, हा प्रश्न शेवटी येतोच. किती बैठका झाल्या, किती छायाचित्रे काढली हे मोजणे सोपे असते. त्याऐवजी तीन आकडे पुरे : पहिल्या सत्रात प्रवेश घेतलेल्यांपैकी तिसऱ्या सत्रात किती जण वर्गात आहेत, पात्र विद्यार्थ्यांपैकी किती जणांचे शिष्यवृत्तीचे अर्ज मुदतीत गेले, आणि निवडलेल्या अवघड विषयाचा निकाल कसा बदलला. हे तिन्ही आकडे महाविद्यालयाच्या कार्यालयात आधीपासूनच असतात. आदल्या दोन वर्षांचे आकडे काढून ठेवले की तुलना आपोआप होते.

वेळापत्रकाचेही गणित आहे. प्रवेश जून-जुलैत होतात. तेव्हा सोबती शोधायला निघालेले महाविद्यालय दिवाळीपर्यंत शोधतच राहील. निवड जानेवारी-फेब्रुवारीत, प्रशिक्षण परीक्षेनंतर आणि पहिली भेट प्रवेशाच्याच दिवशी, असा क्रम हवा. बैठका मात्र दुपारी चारनंतर ठेवू नयेत. एसटीच्या सवलतीच्या पासवर गावाहून ये-जा करणाऱ्या मुलांची गाडी चुकते, आणि ज्यांच्यासाठी बैठक असते, नेमके तेच बसस्थानकावर उभे असतात.